साडेसात ते सव्वाआठ : एका घरातल्या एकांताचं प्रकरण

नवरा माझ्याकडे समुपदेशनाच्या पहिल्या भेटीला एकटाच आला. बायको सात-वीसला डोंबिवली स्टेशनात उतरते, घर तिथून चालत बारा मिनिटांवर, आणि ती दारात येते सव्वाआठला. मधल्या वेळात ती असते कुठे, एवढाच त्याचा प्रश्न होता. मोबाइलवरचं तिचं लोकेशन तो काही आठवडे पाहत होता. लोकेशन नीट इमारतीपर्यंत यायचं आणि तिथेच थांबायचं. म्हणजे इमारतीतच कोणीतरी आहे, असं त्याने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

ती जिन्यात असायची. लिफ्ट असल्यामुळे शेवटच्या मजल्यावरून गच्चीकडे जाणारा जिना कोणी वापरत नाही. तिथे सोसायटीच्या मंडळाचं जुनं मखर ठेवलेलं, कोणाची तरी चाक काढलेली सायकल, रिकाम्या कुंड्या. तिथल्या पायरीवर ती पर्स मांडीवर घेऊन बसायची. फोन बघायची नाही, गाणी ऐकायची नाही. मग उठून दोन मजले खाली यायची आणि बेल वाजवायची.

हे प्रकरण लिहायला दोघांची संमती आहे. ओळख पटू नये म्हणून व्यवसाय, गाव, नाती यांत बदल केले आहेत आणि दुसऱ्या तशाच घरांतले काही प्रसंग यात मिसळले आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

घर

वन बीएचके. हॉलमध्ये सासूबाई झोपतात, टीव्हीही तिथेच. आतल्या खोलीत नवरा, बायको आणि पहिलीतली मुलगी. सासरे नाहीत. ती चौतीस वर्षांची, ऐरोलीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. नवरा औषध कंपनीचा एमआर. दिवसभर दवाखान्यांच्या बाहेर बसून माणसं जोडायची, हे त्याचं कामही आणि स्वभावही. सोसायटीच्या गणपतीत स्पीकरपासून प्रसादापर्यंत सगळीकडे हाच. घरात पाऊल टाकल्या टाकल्या याचं बोलणं सुरू होतं.

ती ऐरोलीहून ठाण्याला येते, तिथे गाडी बदलून डोंबिवलीची लोकल पकडते. मला वाटलं होतं की गर्दीचा त्रास होत असेल. ती म्हणाली, "गर्दीचं काही नाही. गर्दीत कोणी माझ्याकडून काही मागत नसतं. पण चार मोबाइलवर चार रील्स वाजतात ना, त्यातलं एकही मला वगळता येत नाही. चारही पूर्ण ऐकू येतात." त्यानंतर घर. हॉलमध्ये मालिका, ओट्यावर कुकर, मुलीची वही, शेजारच्या काकू कढीपत्ता मागायला दारात, आणि साडेआठला नवरा.

जिन्याच्या आधी तिची जागा बाथरूम होती. नळ सोडून ती आत बसायची, म्हणजे बाहेर आंघोळ चालल्यासारखं वाटावं. सासूबाईंनी पाण्यावरून बोलायला सुरुवात केली तेव्हा तीही जागा गेली.

गावाकडचे गणपती

तिचं स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान होण्याच्या आधीच्या भाद्रपदात हे कुटुंब कोकणात मूळ घरी गेलं होतं. एका घरात पंचवीसेक माणसं, बायका पहाटेपासून चुलीपाशी, रात्री भजन. तिने पहिले दोन दिवस सगळं केलं. मोदक वळले, वाढायला उभी राहिली, सगळ्यांना नावानिशी हाक मारली. ती नावं तिने गाडीत बसून पाठ केली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला ती नव्हती. भाताच्या कणग्या ठेवलेल्या काळोख्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसलेली सापडली. लोकांनी विचारलं, हलवलं, ओरडूनही पाहिलं. तिला सगळं ऐकू येत होतं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता.

कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं शहरातल्या मुलींना कामाची सवय नाही. चुलत सासूबाई म्हणाल्या की गणपतीच्या दिवसांत असं तोंड फुगवून बसणं बरं नव्हे. नवरा सगळ्यांपुढे ओशाळला. मुंबईला परत आल्यावर ती पंधरा दिवस कामावर जाऊ शकली नाही.

या अवस्थेला स्वमग्न प्रौढ 'शटडाउन' म्हणतात. महिनोन्‌महिने ताण साचत गेला की येणाऱ्या लांबच्या थकव्याला 'ऑटिस्टिक बर्नआउट' हे नाव आहे. अमेरिकेत डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये स्वमग्न प्रौढांच्या मुलाखतींवरून त्याचं वर्णन केलं: कायमचा शीण, एरवी जमणाऱ्या गोष्टी न जमणं, आवाज-उजेड सोसण्याची ताकद कमी होणं. आपल्याकडे याला एकच नाव मिळतं, डिप्रेशन. तिलाही तेच मिळालं.

नैराश्य, भीती, की आणखी काही

फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, झोप सुधारली. जिना मात्र सुटला नाही. म्हणून तज्ज्ञांनी पुन्हा खोलात जाऊन विचारणा केली आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून तपासणी झाली. इथे थोडं थांबतो, कारण एकटं बसणारी बाई दिसली की आपण फार घाईने निष्कर्षाला जातो.

नैराश्यातही माणूस खोलीत जाऊन पडतो, पण तासाभराने बाहेर येतो तेव्हा तो होता तसाच असतो, बहुधा जास्त खचलेला. ही जिन्यावरून उतरायची तेव्हा वेगळी असायची. पोळ्या करायची, मुलीशी कोडी खेळायची, कोरड्या आवाजात विनोद करायची. सासूबाईंनीच हे सांगितलं: "उशिरा आली की खुशीत असते. वेळेवर आली की तिच्याशी बोलायची सोय नाही." नवऱ्याच्या संशयाला या वाक्याने खतपाणी मिळालं होतं. निदानाच्या दृष्टीने मात्र ते सोन्यासारखं होतं. सोशल ॲन्झायटी असलेल्या माणसाला लोक काय म्हणतील याची धास्ती असते. हिला ती नव्हती. ऑफिसात पन्नास लोकांपुढे ती बिनधास्त प्रेझेंटेशन करते. त्यानंतर दमते, एवढंच. आता, हे कप्पे कागदावर जितके वेगळे दिसतात तितके माणसात नसतात. तिला नैराश्यही होतं आणि गोळ्यांचा उपयोगही झाला. पण ते बरंचसं या रोजच्या झीजेतून आलेलं होतं.

लहानपणाची माहिती सांगलीला राहणाऱ्या तिच्या आईकडून मिळाली. "शहाणी मुलगी, कोणाच्या अध्यात ना मध्यात." लग्नघरात ती हमखास गाद्या रचलेल्या खोलीत सापडायची. लोकरीचा स्वेटर अंगाला लागला की रडून घर डोक्यावर घ्यायची. रिक्षाकाकांनी जागा बदलली तर शाळेत जायची नाही. मार्क उत्तम, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. पुण्यात नोकरी करताना ती एका घरात पीजी म्हणून राहिली, एकटीची खोली होती. "त्या वर्षांत मी आजारी नव्हते," ती म्हणते. लग्नाआधी दोघं काही वेळा भेटले, दर वेळी बाहेर आणि तासाभरासाठी. तिने विषय ठरवून आणलेले असायचे. नवरा अजून म्हणतो, "तेव्हा किती बोलायची!"

मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली असलेल्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये हे नीट लिहिलेलं आहे: लक्षणं लहानपणापासून असतात, पण समाजाच्या अपेक्षा माणसाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती उघडी पडतीलच असं नाही, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे झाकली जातात. आवाज, स्पर्श, उजेड यांच्याबद्दलचा तीव्र प्रतिसाद हाही निकष त्याच आवृत्तीत आला. हिच्या बाबतीत अपेक्षा वाढल्या त्या लग्नानंतर. एका नोकरीच्या जागी सून, आई, जाऊ, वहिनी अशी चार-पाच कामं, आणि सगळी हसऱ्या चेहऱ्याने.

तपासणीबद्दल एक तक्रार नोंदवतो. केंब्रिजमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केलेली स्वमग्नतेचा अंदाज घेणारी पन्नास प्रश्नांची एक्यू चाचणी आपल्याकडेही वापरतात. तिच्यात पार्टीपेक्षा ग्रंथालय बरं वाटतं का, अशा धर्तीचे प्रश्न आहेत. आपल्या बाईपुढे ही निवड येते कधी? तिच्यापुढे असते नणंदेच्या मुलाची मुंज, आणि तिथे जायचं असतंच. तिने बऱ्याच प्रश्नांपुढे लिहिलं होतं: 'मला विचारत नाहीत.' तज्ज्ञांनी गुणांवर न थांबता तिच्याशी आणि तिच्या आईशी सविस्तर बोलून निदान केलं, हे बरं झालं.

निदान कळल्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या भेटीला एक्सेलची शीट घेऊन आली.

शेजारी नुसतं बसणं

नवरा मनाने चांगला आहे. निदान ऐकून त्याने लगेच तोडगा काढला: "मी काही बोलणार नाही. शेजारी नुसता बसेन. मग तर झालं?" ते चाललं नाही. त्याला ते फार लागलं. आपण असणंच हिला नको आहे, असा अर्थ त्याने काढला.

तिने केलेला खुलासा मी जसाच्या तसा देतो, कारण पुस्तकांत हे इतकं स्पष्ट मिळत नाही. "तो गप्प बसला तरी माझं अर्धं लक्ष त्याच्याकडे असतं. आता काही बोलेल का, माझा चेहरा त्याला रागावलेला दिसतोय का, मी हसायला हवं का. हे सगळं मी डोक्याने करते. तुमचं आपोआप होतं." माणूस बोलत नसला तरी तो बोलू शकतो, ही शक्यताच तिला कामाला लावते. म्हणून तिला नुसती शांतता पुरत नाही. ज्या खोलीत कोणाच्या अपेक्षेला तयार राहावं लागत नाही अशी खोली लागते.

दुसरी अडचण अशी की थकवा आल्याचं तिला वेळेवर कळत नाही. भूक, तहान, शीण हे आतले इशारे तिच्यापर्यंत उशिरा पोचतात. कळतं तेव्हा शब्द संपलेले असतात. मग नवरा विचारतो, "काय झालं?" ती म्हणते, "काही नाही." हे खरं असतं, कारण काहीच झालेलं नसतं. तो पुन्हा विचारतो. तिसऱ्यांदा विचारलं की ती उठून जाते. एरवी तासाभरात भरून निघणारा शीण अशा रात्री झोपेपर्यंत जात नाही.

बाल्टिमोरमधले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ स्वमग्न मुलांचं वर्णन केलं तेव्हा एकटं राहण्याची ओढ हे मुख्य लक्षण मानलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला ते तसंच दिसणार. त्यानंतर बराच काळ एकांत ही या माणसांतली उणीवच धरली गेली, आणि उपचार म्हणजे त्यांना माणसांत आणणं. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न आहे, गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो हे मांडलं: स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत तितकाच तोही इतरांना कळत नाही. या जोडप्यात ते रोज दिसायचं. त्याचं "काय झालं" तिला उलटतपासणी वाटायचं, तिचं गप्प राहणं त्याला शिक्षा वाटायचं.

नवऱ्याची बाजू

शिक्षा वाटण्यामागे कारण होतं. त्याच्या लहानपणी आई-वडील एकमेकांशी महिनोन्‌महिने बोलत नसत. "बाबांना सांग जेवायला या," असे निरोप हा मुलगा पोचवायचा. घरात कोणी गप्प झालं की त्याच्या पोटात गोळा येतो. त्याला पुन्हा पुन्हा विचारावंसं वाटतं ते याच भीतीने.

आणि तो एकटा पडला होता. "मी लग्न केलं ते घरी बोलायला कोणी असावं म्हणून," असं तो म्हणाला. अशा वेळी समुपदेशक नवऱ्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगून मोकळे होतात, ते मला पटत नाही. त्याची गरजही गरजच आहे. निदानाच्या कागदाने ती कमी होत नाही.

काय केलं

तिच्या शीटमधून एक गोष्ट निघाली जी दोघांनाही ठाऊक नव्हती. वाईट संध्याकाळी ऑफिसच्या जास्त कामाच्या दिवसांशी जुळत नव्हत्या. ठाण्याला गाडी चुकलेल्या दिवसांशी आणि घरी न सांगता पाहुणे आलेल्या दिवसांशी जुळत होत्या. म्हणजे रात्री उशिरा किंवा रविवारी वेळ देऊन उपयोग नव्हता. प्रवास आणि घर यांच्या मधेच वेळ हवा होता, आणि तो ती जिन्यात चोरून काढत होती.

तेव्हा हाच वेळ घरात, उघडपणे ठेवायचं ठरलं. साडेसात ते सव्वाआठ, आतल्या खोलीचं दार बंद. कडीला हिरवी ओढणी बांधलेली असली की कोणी हाक मारायची नाही. मला वाटत होतं की विरोध सासूबाईंचा होईल. त्या दोन मिनिटं विचार करून म्हणाल्या, "माझ्या पोथीच्या वेळी कोणी बोललेलं मला चालत नाही. तसंच ना?" घरातल्या सगळ्यांना ते लगेच कळलं. पोथीला बसलेल्या माणसाला आपण फोन आला तरी उठवत नाही, आणि त्याचा आपल्यावर राग आहे असंही समजत नाही. पाहुण्यांना 'ती ध्यान करते' असं सांगू, असं नवऱ्याने सुचवलं. तिने नाही म्हटलं, कारण ती ध्यान करत नाही. शेवटी "ती ऑफिसातून आल्यावर थोडा वेळ कोणाशी बोलत नाही" हेच ठरलं. लोकांना ते उद्धट वाटतं. असो.

नवऱ्यासाठी महत्त्वाची ठरली ती संपायची वेळ. दार बंद होण्यापेक्षा ते कधी उघडणार हे माहीत नसण्याची त्याला भीती होती. सव्वाआठला ती स्वतः बाहेर येते आणि पहिलं वाक्य तिने बोलायचं, असा करार झाला. ती वेळेची पक्की आहे, कधी सव्वाआठचे आठ-वीस केले नाहीत. महिन्याभरात त्याने लोकेशन बघणं सोडलं, हे त्याने आपणहून सांगितलं.

शब्द संपले असतील तेव्हा व्हॉट्सॲपवर एक ते पाच आकडा टाकायचा. तीन म्हणजे ऐकू शकते, उत्तर देता येणार नाही. एकदा त्याच्या कंपनीत टार्गेटवरून बोलणी बसली होती. तो 'तीन' वाचून अर्धा तास बोलला आणि ती ऐकत होती. तिने ऐकलेलं असतं हे त्याला आधी खरंच माहीत नव्हतं. मागून येऊन मिठी मारणं त्याने बंद केलं. सांगून जवळ येणं तिला चालतं, आवडतंही.

काही गोष्टी फसल्या. घरात कानात बोळे घालणं सासूबाईंना अपमान वाटला, ते लोकलपुरतं ठेवलं. रविवारी मॉलमध्ये दोघांनी जेवायला जायची कल्पना माझीच, तिथल्या आवाजाने ती वाया गेली. त्याऐवजी सकाळी मुलीला शाळेत सोडल्यावर दोघं चालत एक फेरी मारतात. तो बोलतो, ती पुढे बघत चालते. समोरासमोर बसण्यापेक्षा तिला हे सोपं जातं, आणि त्याला दिवसातलं आपलं माणूस मिळतं.

मुलीने विचारलं होतं, "आई माझ्यावर चिडली का?" तिला आईनेच सांगितलं की तिचे कान दमतात. मुलीला पटलं. आता तीही कधीकधी जेवणाच्या टेबलाखाली जाते आणि स्वतःची ओढणी बांधते.

या पाऊण तासाची किंमत कोण मोजतं, हे कोणी विचारत नव्हतं म्हणून मी विचारलं. नवरा साडेआठला येतो. तोवर मुलीचं खाणं, अभ्यास सासूबाई बघतात, आणि त्यांचे गुडघे दुखतात. त्याच इमारतीत संध्याकाळी कट्ट्यावर तासभर बसणाऱ्या पुरुषांना कोणी ओढणी बांधायला लावत नाही. त्यांचा एकांत घरात गृहीत धरलेला असतो आणि मागचं कोणीतरी सांभाळतच असतं. नवऱ्याने कंपनीशी बोलून आठवड्यातले दोन दिवस लवकर घरी यायची सोय केली. उरलेल्या तीन दिवसांसाठी एक बाई लावली आहे. ती कधी येते, कधी नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नता २१ प्रकारांत आहे, प्रमाणपत्र निघू शकतं. तिने ते घेतलं नाही. ऑफिसात फक्त मॅनेजरला सांगून खिडकीशेजारची, कॉफी मशीनपासून लांबची जागा मागून घेतली.

पुढच्या भाद्रपदात

त्या वर्षी ती कोकणात गेली, पण दोनच दिवस, आणि गावातल्या एका बंद घराची किल्ली आधी मागवून. आरतीला यायची, मोदकांना बसायची, मग किल्ली घेऊन तिकडे जायची. नवरा प्रत्येकाला तेच एक वाक्य सांगत फिरला. काहींनी मान डोलावली. एका चुलत दिराने हळूच विचारलं की अशी तपासणी नक्की कुठे होते. चुलत सासूबाई अजून तिच्याशी बोलत नाहीत. तिला त्याचं फारसं वाटत नाही, नवऱ्याला वाटतं.

सध्या

गोळ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली कमी होत आहेत. भांडणं आहेत, पण ती पैशांवरून आणि मुलीच्या शाळेवरून. नवऱ्याची एक तक्रार कायम आहे. आपण आजारी असलो किंवा कोणी वारल्याचा फोन आला तरी ओढणी बांधलेली असेल तर दार वाजवायचं की नाही? दोनदा त्याने वाजवलं, ती बाहेर आली, दोन्ही दिवस तिला जड गेले. कोणत्या बातमीला दार वाजवायचं याची यादी करू, असं ती म्हणते. मेलेल्या माणसांची यादी आधी कशी करणार, असं तो म्हणतो. यावर अजून तोडगा नाही.

आता विषय घराचा आहे. बदलापूरला त्यांच्या बजेटमध्ये टू बीएचके मिळतोय. एक खोली पूर्ण तिची होऊ शकते, ओढणीची गरजच राहणार नाही. पण लोकलचा प्रवास जाता-येता अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढतो, आणि तिच्या शीटप्रमाणे तिची सगळ्यात जास्त ताकद तिथेच खर्च होते. नवऱ्याला डोंबिवली सोडायची नाही, कारण त्याची माणसं इथे आहेत. सासूबाईंना चालेल, फक्त देऊळ जवळ हवं. तिने दोन रकाने करून आकडेमोड केली आहे आणि दोन्हीकडची बेरीज जवळपास सारखी येते. दिवाळीनंतर बिल्डर भाव वाढवणार आहे, म्हणून पुढची भेट त्याआधीची ठरली आहे.